ट्रस्टवर दावा लावायचा, तर परवानगी कोणाची?

मलकापूर हे सातारा जिल्ह्यातल्या कराडला लागून, पुणे-बेंगळुरू महामार्गावरचे गाव. अशा ठिकाणी जमिनीचे भाव चढले की देवस्थानाच्या, शिक्षण संस्थेच्या जागांवर डोळा ठेवणारेही येतात. मग ‘ट्रस्टवर केस टाकू’ असे बैठकीत ठरते आणि बऱ्याचदा पहिलाच अर्ज चुकीच्या कचेरीत जातो.

‘आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते’ हा त्यामागचा समज. तो निराधार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ नुसार सार्वजनिक न्यासाच्या गैरकारभाराबद्दल दावा लावायला न्यायालयाची अनुमती लागते. १९७६ च्या दुरुस्तीआधी ती संमती महाधिवक्ता देत. पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० ज्या न्यासांना लागू आहे, त्यांच्यापुरते हे कलम त्याच कायद्याच्या कलम ५२ ने बाजूला ठेवले आहे. आपल्याकडे कलम ५१ खाली धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती घ्यायची आणि मग कलम ५० खाली जिल्हा न्यायालयात जायचे. हा क्रम उलटा केला, तर दावा तिथेच अडतो.

‘आमची संस्था सोसायटी आहे, ट्रस्ट नाही’ असे कार्यकारिणीतली मंडळी ठासून सांगतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था धर्मादाय किंवा धार्मिक हेतूची असेल, तर तीही या अधिनियमात सार्वजनिक न्यासच आहे.

दावा कोण लावू शकतो, याबद्दल तर दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. कुणी म्हणतो, गावातला कोणीही. कुणी म्हणतो, फक्त विश्वस्त. गैरकारभाराच्या दाव्याला हितसंबंध असलेल्या किमान दोन व्यक्ती लागतात. मंदिर असेल तर तिथे दर्शनाला, पूजेला नेमाने जाणारा भाविक हितसंबंधी ठरतो. सोसायटीत सभासद, इतर न्यासांत विश्वस्त किंवा लाभार्थी. म्हणजे रोज देवळात जाणाऱ्या म्हातारीलाही कायद्याने जागा दिली आहे, आणि मला ही या कायद्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

ही जागा सहज मिळालेली नाही. पर्वती संस्थानच्या कारभाराविरुद्ध पुणेकरांच्या तक्रारी होत्या आणि त्या खटपटीतूनच १८७० मध्ये पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. डाकोरच्या रणछोडरायाच्या मंदिराचा वाद तांबेकरांच्या नावाने मुंबई उच्च न्यायालयात गेला. देवापुढे येणारे दान ही सेवकांची खासगी मिळकत नाही, त्याचा हिशोब त्यांनी द्यायलाच हवा, असा निकाल १८८७ मध्ये लागला.

‘संमती मिळाली, म्हणजे विश्वस्त दोषी’ ही बातमी गावात वाऱ्यासारखी पसरते. आयुक्त फक्त प्रथमदर्शनी तथ्य आहे का, एवढेच पाहतात. आरोप पुढे न्यायालयात सिद्ध करावे लागतात. ही चाळणी विश्वस्तांना पाठीशी घालण्यासाठी नाही. भावकीचे आणि निवडणुकीचे हिशोब देवस्थानाच्या खर्चाने चुकते होऊ नयेत, यासाठी ती आहे. संमती नाकारली, तर कारणे लेखी द्यावी लागतात आणि त्याविरुद्ध अपीलही करता येते.

दाव्यात मागायचे काय? विश्वस्त हटवणे, नवे नेमणे, हिशोब घेणे, मिळकत परत मिळवणे. जे मिळेल ते न्यासाला मिळते, तक्रारदाराला नव्हे. स्वतःचा खासगी हक्क मागायचा असेल, तर ती वाट वेगळी. त्याला ही संमती लागत नाही.

प्रत्येक तक्रारीसाठी दावाच हवा असेही नाही. विश्वस्ताला निलंबित किंवा बडतर्फ करण्यासाठी कलम ४१ड खाली एकटा हितसंबंधीही थेट धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करू शकतो. स्थावर विकायची तर कलम ३६ प्रमाणे आयुक्तांची मंजुरी लागते. म्हणून जागेचा संशय आला की आधी साताऱ्याच्या न्यास नोंदणी कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा आणि लेखापरीक्षण अहवालाच्या नकला काढाव्यात. विश्वस्तांची नावे आणि मिळकतीची नोंद त्या उताऱ्यात सापडते.

आणि ‘विक्रीला वीस वर्षे झाली, आता काय उपयोग?’ म्हणून गप्प बसणाऱ्यांनी कलम ५२अ वाचावे. पैसे मोजून न्यासाची स्थावर घेतलेल्याकडून ती परत मिळवण्याच्या दाव्याला मुदतीचा अडसर येत नाही.