तीन दिवसांचं तळं

बाणेरच्या एका सोसायटीतून पत्र आलं आहे. लिहिणारे गृहस्थ निवृत्त स्थापत्य अभियंते आहेत. आवाराच्या खालच्या कोपऱ्यात पावसाचं पाणी अडवून हळूहळू सोडणारा डिटेन्शन पॉण्ड बांधून तीन वर्षं झाली. जोराचा पाऊस झाला की तो भरतो आणि दोन-तीन दिवसांत रिकामा होतो. कंत्राटदाराने लावलेल्या झाडांपैकी निम्मी पहिल्याच पावसाळ्यात कुजली, उरलेली मार्चपर्यंत वाळली. आता त्यांना इथली, देशी झाडं लावायची आहेत. प्रश्न असा: ‘कोणती लावावीत, आणि कुठे?’

बहुतेक लोक ‘कोणती’पाशीच थांबतात. यांनी ‘कुठे’ही विचारलं, म्हणून हा लेख.

आधी पाण्याचा हिशेब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एकरभर गच्च्या, रस्ते आणि पार्किंग म्हणजे साधारण चार हजार चौरस मीटर. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस कोसळला तर दोन लाख लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरचे वीस टँकर. मातीचं मैदान असतं तर यातलं पुष्कळ जिरलं असतं. काँक्रीटवरून ते पाहता पाहता ओढ्यात पोचतं, आणि शेजारच्या शंभर सोसायट्यांचंही त्याच वेळी पोचतं. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते पुणेकर विसरलेले नाहीत.

हे तळं साठवणीचं नव्हे. मला ते पालखीतळासारखं वाटतं. वर्षभर ते माळरान मोकळं पडलेलं असतं, गुरं चरतात, पोरं क्रिकेट खेळतात. मग एका संध्याकाळी हजारो माणसं येतात, राहुट्या पडतात, मुक्काम होतो आणि पहाटे सगळे पुढच्या वाटेला लागतात. तळ नसता तर तीच गर्दी अरुंद रस्त्यात तुंबली असती. आपलं तळंही पाण्याला एक-दोन मुक्काम देतं आणि बारीक तोंडाच्या पाइपातून पुढे धाडतं. डासांची काळजी अनेकांना असते, पण अंड्यापासून पंख फुटेपर्यंत डासाला आठवडाभर तरी साचलेलं पाणी लागतं. तीन दिवसांत रिकामं होणाऱ्या तळ्यात त्याचा संसार पुरा होत नाही. मुंबईत हिंदमाता परिसरात तुंबणाऱ्या पाण्यासाठी उद्यान आणि मैदानाखाली टाक्या बांधल्या, त्यांचंही काम हेच. फक्त तिथे काँक्रीट आहे, पंप आहेत आणि उगवायला काही नाही.

पालखीतळावरच्या गवताकडे पाहा. ते तुडवलं जातं आणि पंधरा दिवसांत पुन्हा उभं राहतं. आपल्याला हवीत तशी झाडं: तीन दिवस बुडून जगणारी आणि नंतर आठ महिने कोरड्या, भेगाळलेल्या जमिनीतही तग धरणारी. परदेशी पुस्तकांतल्या याद्या इथेच फसतात, कारण त्या बारमाही ओलीच्या प्रदेशात तयार झाल्या आहेत. कंत्राटदाराने लावलेल्या कर्दळी मूळच्या अमेरिकेतल्या, छत्रीसारख्या पानांचा शोभेचा नागरमोथा आफ्रिकेकडचा आणि जमिनीवर पसरणारी पिवळ्या फुलांची वेडेलिया उष्ण अमेरिकेतली. त्यातली वेडेलिया जगली, तर ती ओढ्यात उतरून दुसऱ्या कशालाच जागा ठेवत नाही.

पाण्यात झाड मरतं ते गुदमरून. प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांचा श्वास कोंडतो. पाणथळीतल्या वनस्पतींनी यावर उपाय काढला आहे. पाणकणसाचं पान ब्लेडने आडवं कापून बघा. आत छोट्या छोट्या खोल्यांची चाळ दिसेल. या हवेच्या वाटा थेट मुळांपर्यंत जातात. आता त्याचं एक मूळ चिखलातून हलक्या हाताने उपटा आणि धुवा. त्यावर तांबूस गंजाचा लेप दिसतो. चिखलात विरघळलेलं लोह मुळातून झिरपलेल्या प्राणवायूला भेटलं, त्याचा हा गंज. कोकणात भाताचं रोप उपटणाऱ्या कुणालाही तो ठाऊक आहे. झाड नाकाने घेतलेला श्वास पायाने सोडतं, याचा इतका उघड पुरावा दुसरा नाही. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ ते मूळ हातात धरून बसलो होतो.

या गंजाजवळ जिवाणूंची वस्ती असते. पार्किंगमधून वाहून आलेलं तेल तेच फोडतात. टायरच्या झिजेतून येणारं जस्त या लेपाला चिकटून राहतं. हे सगळं आज पाठ्यपुस्तकात आहे. पण ज्या बाईने याचा पाठपुरावा केला, तिचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. केटे झायडल ही जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ. उत्तर जर्मनीत प्लोन इथे, मॅक्स प्लांक संस्थेच्या जलजीवशास्त्र केंद्रात, १९५०च्या दशकात ती आपल्याकडच्या लव्हाळ्याच्या कुळातली एक उंच वनस्पती सांडपाण्यात वाढवत होती. फिनॉलसारखं विषारी रसायन असलेल्या पाण्यातही तिची झाडं जगत होती आणि पाणी सुधारत होतं. सांडपाण्याच्या अभियंत्यांनी तिला गांभीर्याने घेतलं नाही. पाणी शुद्ध करायचं ते टाक्या, पंखे आणि रसायनांनी, गवताने नव्हे, हे ठरलेलं होतं. तिची कल्पना खोटी ठरवण्यासाठी कितीतरी जणांनी कष्ट घेतले. ती पुढची कित्येक वर्षं प्रयोग करत राहिली. तिच्या कामावर आधारलेली पहिली मोठी पाणथळ १९६०च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये, एका सहल-छावणीच्या सांडपाण्यासाठी उभी राहिली. काही काळ तिच्याबरोबर काम केलेल्या राइनहोल्ड किकुट यांची ‘मूळक्षेत्र’ (रूट झोन) पद्धत मात्र पुढे जगभर गाजली. झाडं स्वतः किती घाण शोषतात याबद्दल झायडलचा अंदाज जास्तच होता, बरंचसं काम जिवाणू करतात हे नंतर कळलं. पण मुळापाशी काहीतरी घडतंय हे तिने ओळखलं आणि ते सोडलं नाही. ‘रूट झोन’ प्रकल्पाच्या जाहिरातीत तिच्या नावाला एक ओळ मिळायला हवी.

जाहिरातींचा विषय निघालाच आहे तर वाळ्याबद्दल बोलतो. वाळा आपला आहे, माठात टाकायचा, पडद्यांचा. त्याची मुळं तीन-चार मीटर सरळ खाली जातात. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या दोन तज्ज्ञांनी, ग्रिमशॉ आणि ग्रीनफील्ड यांनी, भारतात मातीची धूप थांबवण्यासाठी त्याचा जोरदार पुरस्कार केला. कर्नाटकातले शेतकरी शेताच्या हद्दीवर तो कधीपासून लावत होते. आता काही रोपवाटिका वाळा सगळ्या रोगांवर औषध म्हणून विकतात. पाण्याच्या वाटेत आडवी, वितीहून कमी अंतराने लावलेली वाळ्याची ओळ गाळ अडवते, हे खरं. तळ्याचा अख्खा तळ वाळ्याने भरावा, हे खरं नाही. एकाच जातीचा तळ म्हणजे एकाच पिकाचं शेत.

आता ‘कुठे’. बागकामाची पुस्तकं पाण्याच्या खोलीप्रमाणे पट्टे आखतात. आपल्या तळ्यात पट्टे आखायचे ते तासांवरून: कुठे पाणी किती तास टिकतं?

पाणी जिथे जोराने आत येतं तिथे मार असतो. तिथे दगड पसरून फटींत शेरणी लावा. सह्याद्रीतल्या नद्यांच्या खडकाळ पात्रात उगवणारं हे झुडूप पुरात दिवसेंदिवस बुडतं आणि उन्हाळ्यात तापलेल्या काळ्या पाषाणात उभं राहतं. अरुंद पानं आणि लवचीक फांद्या हे त्याचं बळ. ताठ खांबावर पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, तर जोर चौपट. लवणाऱ्या झाडावर तो तितका वाढत नाही. स्टीव्हन वोगेल या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने वायुबोगद्यात पानं धरून हे दाखवलं. वारा वाढला की पानं गुंडाळून सुळका करतात. तुकोबांच्या अभंगातला, महापुरात वाचणारा लव्हाळा आठवला असेल, तर आठवण अगदी योग्य आहे.

पाणी आत येतं त्या तोंडाशी गाळ साचणार आणि दर उन्हाळ्यात तो उपसावा लागणार. तिथे महागडं काही नको. त्यापुढे वाळ्याच्या दोन ओळी. सगळ्यात खोलगट भागात, जिथे पाणी साठ-सत्तर तास थांबतं, तिथे लव्हाळ्याच्या कुळातल्या जाती, शेतात आपण खुरपून काढतो त्याच. त्यांच्या गाठी जमिनीखाली उन्हाळा काढतात. बाहेर जाणाऱ्या पाइपाजवळ ओल टिकते, तिथे नीरब्राह्मी पसरू द्या. माका न लावताही उगवेल. तालिमखाना निळ्या फुलांवर मधमाश्या आणतो, पण काटेरी आहे, मुलं जिथे उतरतात तिथे नको. उतारावर मारवेल आणि हरळी, तिथे पाणी काही तासच असतं.

पाणकणसाचं मी वर कौतुक केलं, तरी ते इथे लावू नका असंच सांगेन. ते देशी आहे, पण वाऱ्यावर कापसासारखं बी उधळतं आणि ओल मिळाली की दोन-तीन वर्षांत अख्खा तळ बळकावतं. पाइपाचं तोंड त्यात हरवलं की तीन दिवसांचं तळं कायमचं डबकं होतं.

झाडांसाठी जांभूळ, करंज, अर्जुन आणि नदीकाठचं वाळुंज. वाळुंजाची फांदी ओल्या मातीत खोचली तरी फुटते. पण मातीचा भराव घालून केलेल्या बांधावर एकही झाड नको. मुळं कुजली की त्यांच्या जागी पोकळ नळ्या उरतात आणि पाणी त्यातून वाट काढतं. झाडं खोदलेल्या, मूळच्या जमिनीच्या बाजूला लावा. करंज पाइपापासून लांबच. उन्हाळ्याच्या तोंडाला तो पानं टाकतो आणि जूनचा पहिला पाऊस तो ढीग नेमका जाळीवर नेऊन ठेवतो.

याद्यांसाठी एक जुनं पुस्तक आहे. ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’, १९०१ ते १९०८ या काळात निघालेलं. प्रत्येक वनस्पती कुठे सापडते, कोणत्या महिन्यात फुलते, तिला लोक काय म्हणतात, हे त्यात आहे. लेखक थिओडोर कुक हे शिक्षणाने अभियंते. रेल्वेत काम केलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, आजच्या सीओईपीचे, प्राचार्य. ओढ्याकाठच्या झाडांची आपली सगळ्यात भरवशाची नोंद एका अभियंत्याने केली, हे पत्रलेखकांना आवडेल.

मी त्यांना उत्तरात लिहिलं की हा पावसाळा काहीच लावू नका. तळ्यात सहा बांबू रोवा, त्यांवर वीतभर अंतराने रंगाच्या पट्ट्या काढा आणि दर मोठ्या पावसानंतर बुडखा कधी उघडा पडला ते वहीत लिहा. मे महिन्यात जवळच्या ओढ्यावर जा, काय हिरवं उरलं आहे ते पाहा, तिथल्या गाठी आणि फांद्या आणा. पुढच्या जूनमध्ये लावणी झाल्यावर पहिलं वर्षभर पाइप पूर्ण मोकळा ठेवा, म्हणजे मुळं धरेपर्यंत पाणी थांबणार नाही.

काल वहीच्या दोन पानांचा फोटो आला. पाइपाजवळचा बांबू जुलैतल्या एका पावसानंतर ६१ तास पाण्यात होता. तिसरा बांबू, जिथे तळ्याचा मध्य समजून सगळ्या कर्दळी लावल्या होत्या, तो फक्त ५ तास. त्या ओळीपुढे त्यांनी पेन्सिलने लिहिलं आहे: ‘इथे मारवेल.’