कान ऐकतो, मेंदू समजतो

महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायन कारखान्यांचे ब्लोअर, कॉम्प्रेसर पाळीभर चालतात. अशा आवाजात शब्द कळतो कसा, हुकतो कुठे?

वाट : पडदा, तीन इवली हाडे, मग आतल्या कानातली शंखाकार नळी. तिथल्या सुमारे १५ हजार केशपेशी कंपनांचे विद्युतसंदेश करतात. ते मेंदूच्या खोडातून कानशिलाच्या आतल्या श्रवणकेंद्रात पोचतात.

भाषा : बहुतेकांत डाव्या अर्धगोलात. १८६१मध्ये ब्रोका या डॉक्टरांनी बोलण्याशी, १८७४मध्ये वेर्निके या डॉक्टरांनी समजण्याशी निगडित भाग दाखवला. प्रत्यक्षात ही केंद्रे सुटी नाहीत, मोठे जाळे एकत्र काम करते.

महत्त्वाचा भेद : ‘आवाज येतो, शब्द कळत नाही’ ही तक्रार खरी असते. गोंगाटाने सहसा आधी ४००० हर्ट्झच्या आसपासची श्रवणशक्ती जाते. स्वर ऐकू येतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात. पंपाशेजारी सहकाऱ्याने सांगितलेले ‘साठ’ मग ‘आठ’ ऐकू येते. संदर्भावरून मेंदू गाळलेले अक्षर भरतो, पण सुट्या आकड्याला संदर्भ नसतो.

मर्यादा : कारखान्यात ८ तासांसाठी ९० डेसिबल, ९५ला ४ तास, १००ला २ तास. गोंगाटजन्य बहिरेपण कायद्याने सूचनीय, म्हणजे सरकारला कळवणे बंधनकारक असलेला, व्यवसायजन्य आजार आहे.

तपासणी : ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था १९८३पासून आहे.

नष्ट झालेल्या केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. पाळी सुटल्यावर कानात शिट्टी वाजत राहत असेल, तर चाचणी लांबवू नका.