रानगुलाबाची लागवड : काटक म्हणजे नेमके कशाला काटक?

गुलाबावरील पुस्तकांत काही झुडपांना 'काटक' म्हटलेले असते. ही पुस्तके बहुतेक थंड देशांत लिहिली गेली आहेत. तिथे काटक म्हणजे बर्फ व गोठवणारी थंडी सोसून वसंतात पुन्हा फुटणारे झुडूप. जपान, कोरिया आणि पूर्व सायबेरियाच्या किनाऱ्यावर वाढणारा रोझा रुगोझा या अर्थाने अत्यंत काटक आहे. पण भारतातील मैदानी प्रदेशात प्रश्न बर्फाचा नसतो. मे महिन्याचे ऊन आणि त्यानंतर मुळाशी साचणारे पावसाचे पाणी, ही इथली परीक्षा. म्हणून रानगुलाब निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की हे झुडूप मूळचे कुठले?

भारतातच याची उत्तरे वेगवेगळी मिळतात. रोझा वेबियाना हा गुलाबी फुलांचा रानगुलाब लडाख व लाहौलच्या कोरड्या थंडीत वाढतो. मैदानी बागेत तो आणण्यात अर्थ नाही. पश्चिम हिमालयात 'कुंजा' नावाने ओळखला जाणारा रोझा ब्रुनोनी झाडांवर चढतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पांढऱ्या सुगंधी फुलांच्या घोसांनी भरतो. त्याला जागा भरपूर हवी, हवा थंड हवी. मणिपूरच्या डोंगरांत जॉर्ज वॅट यांना १८८२ मध्ये रोझा जायगँटिया आढळला. त्याचे फूल दहा सेंटिमीटरपर्यंत, कधी त्याहूनही मोठे असते.

मैदानी बागेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे तो रोझा क्लायनोफायला. बंगाल-बिहारकडील नदीकाठ आणि पाणथळ जागा हे त्याचे घर. पाच पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका, असे साधे फूल. गुलाबाच्या मुळांना पाणी साचलेले चालत नाही, हा आपला पक्का समज. हे झुडूप मात्र पुराच्या पाण्यातही तग धरते, आणि उष्णताही सोसते. कोडाईकनालचे एम. एस. विराराघवन आणि गिरिजा विराराघवन यांनी उष्ण हवामानाला साजेशा नव्या जाती घडवताना हा आणि मणिपूरचा जायगँटिया, असे दोन्ही रानगुलाब वापरले, ते यासाठीच. पाणथळ जागा बुजल्या की तेथील हे झुडूपही जाते. त्यामुळे बागेत लावलेल्या झाडाला जतनाचेही मोल आहे.

आता छाटणी. रानगुलाब न फुलण्याचे नेहमीचे कारण इथेच असते. बहुतेक रानगुलाबांना वर्षातून एकदाच बहर येतो आणि तो गेल्या वर्षीच्या फांद्यांवरून निघणाऱ्या आखूड फुटव्यांवर येतो. बागेतील आधुनिक गुलाब पुन्हा पुन्हा फुलतो, कारण त्याच्यात चिनी गुलाबाचा वारसा आहे. फुलणे रोखून धरणारे एक जनुक त्या गुलाबात निकामी झालेले आहे. त्याच्या नव्या फुटीवर फुले येतात, म्हणून पावसाळ्यानंतरची ऑक्टोबर छाटणी त्याला मानवते. तीच कात्री रानगुलाबाला लावली, तर पुढचा सगळा बहर छाटून टाकल्यासारखे होते. मग झुडूप हिरवेगार, पण फूल एकही नाही. रानगुलाबाची छाटणी बहर संपताच करावी, आणि तीही शेंडे सपाट करून नव्हे. तीन-चार वर्षांच्या जुन्या, निबर फांद्या बुडापासून काढाव्यात. नव्या लांब फांद्यांना हात लावू नये, कमानीसारख्या वाकल्या तर तशाच वाकू द्याव्यात.

लागवडीत फारसे अवघड काही नाही. दीड ते दोन मीटर अंतर, साधारण ६० सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्डा, कुजलेले शेणखत आणि पहिले वर्षभर नियमित पाणी. नत्रखताचा मारा करू नये, त्याने पानेच वाढतात. जंगलातून झुडूप उपटून आणू नये. पेन्सिलीएवढ्या जाडीची, १५ ते २० सेंटिमीटर लांबीची छाट कलमे पुरतात. हिमालयीन जातींचे बी लावायचे असेल, तर फळातला गर धुऊन काढावा आणि बी ओलसर वाळूत दोन-तीन महिने फ्रिजमध्ये ठेवावे, नाहीतर ते सुप्तावस्थेतच राहते.

कलमी गुलाबाच्या बुडातून जोमदार फुटवा आला, की 'हाच तो रानगुलाब' असे अनेकांना वाटते. तो डोळा भरलेल्या जागेच्या खालून, म्हणजे खुंटातून आलेला असतो. आपल्याकडे खुंटासाठी रोझा मल्टिफ्लोरा, इंडिका ओडोराटा, तर पॉलिहाऊसमध्ये नॅटल ब्रायर वापरतात. यांतील मल्टिफ्लोरा हा पूर्व आशियातला रानगुलाब आहे, बाकीच्यांना त्या काटेकोर अर्थाने रानटी म्हणता येणार नाही. सात पर्णिका म्हणजे खुंट आणि पाच म्हणजे कलम, ही ओळख भरवशाची नाही, कारण अनेक कलमी जातींनाही सात पर्णिका येतात. माती बाजूला करून फुटवा कुठून निघाला ते पाहावे. खुंटाचाच असेल तर कात्रीने न कापता मुळापासून ओढून काढावा. कापलेल्या जागेवरून तो पुन्हा फुटतो.