सणाचें ताट आणि मुलाचें वावडें

भाद्रपद उजाडला कीं आम्हां नागपूरकरांच्या घरांत महालक्ष्म्यांची लगबग सुरू होते. मनीषनगरांतील आमच्या घरीं ज्येष्ठा-कनिष्ठेच्या पूजेस तीन पिढ्यांचीं पंचवीस-तीस माणसें जमतात. सोळा भाज्या, पुरण, ज्वारीची आंबील, कढी, वडे, खीर, कोशिंबिरी यांचा स्वयंपाक पहांटेपासून चालतो आणि चार-पांच जावा-नणंदा एकाच ओट्यापाशीं राबत असतात. गेल्या वर्षीं अशाच आनंदाच्या दिवशीं आमच्यावर जो प्रसंग ओढवला, तो इतर घरांवर ओढवूं नये म्हणून येथें सांगत आहें.

माझ्या धाकट्या जावेच्या पांच वर्षांच्या मुलास भुईमुगाच्या दाण्यांचें वावडें आहे. आदल्या दिवाळींत चिवडा खाऊन त्याच्या अंगावर गांधी उठल्या, तेव्हां आम्हीं पित्त समजून आमसुलाचें पाणी लावलें होतें. पुढें डॉक्टरांनीं तपासून दाणे वर्ज्य करावयास सांगितले, आणि दाण्याचा पदार्थ त्याच्या पानांत वाढणें आम्हीं बंद केलें. महालक्ष्मीच्या दिवशींही तो वाढला नव्हता. परंतु कूट घातलेल्या कोशिंबिरीचा चमचा गर्दींत कोणाच्या तरी हातून खिरीच्या पातेल्यांत गेला. खीर खाऊन पांच मिनिटें झालीं नाहींत तोंच मुलगा म्हणाला, "काकू, घशांत टोचतंय." पाहतां पाहतां ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, दम लागला. कोणी पाणी पाजा म्हणालें, कोणी दृष्ट काढा म्हणालें, कोणी पित्ताची गोळी शोधूं लागलें. या गोंधळांत दहा मिनिटें गेलीं. रुग्णालयांत नेतांच मांडींत ॲड्रिनॅलिनचें इंजेक्शन दिलें आणि थोड्याच वेळांत मुलाचा श्वास मोकळा झाला. रात्रभर त्यास तेथेंच ठेवून घेतलें. इकडे वाढलेलीं पानें तशींच राहिलीं.

डॉक्टर ज्यास ॲलर्जी म्हणतात, त्यास आपल्या भाषेंत वावडें हा जुना व सार्थ शब्द आहे. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील फॉन पिर्के या वैद्यानें 1906 सालीं प्रचारांत आणला. त्यापूर्वीं चार वर्षें, 1902 मध्यें, रिशे व पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं दाखविलें होतें कीं, एकदां शरीरांत गेलेला पदार्थ दुसऱ्या खेपेस अत्यल्प प्रमाणांतही प्राणघातक ठरूं शकतो. या संशोधनाबद्दल रिशे यांस 1913 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. शरीराची रक्षक शक्ति निरुपद्रवी अन्नासच शत्रु समजून त्यावर तुटून पडते, हें या विकाराचें मर्म होय. म्हणूनच "चिमूटभर खाल्ल्यानें काय होतें?" हा आपल्या घरांतील नेहमींचा प्रश्न येथें घातक ठरतो. उलटपक्षीं, दूध पिऊन केवळ पोट फुगणें हें बहुधा निराळें दुखणें असतें. घरच्या घरीं निदान करून मुलाचें दूध किंवा गहूं तोडूं नये. नुसत्या रक्ततपासणीवरूनही निर्णय होत नाहीं. काय खाल्लें, किती वेळानें काय झालें, हें सर्व विचारूनच तज्ज्ञ तो करतात.

आतां आपल्या सणांकडे पाहूं. ज्या घरीं दाण्याचें वावडें, त्या घरीं जेवणावळीपेक्षां उपवासाचा दिवसच अधिक जोखमीचा. एकादशी असो, श्रावणी सोमवार असो कीं नवरात्र असो. साबुदाण्याच्या उसळींत कूट, भगरीबरोबर दाण्याची आमटी, वर दाण्याचा लाडू! संक्रांतीच्या तिळगुळांत तीळ आणि दाणे दोन्ही. आणि तिळाचेंही वावडें कित्येकांस असतें. ज्यास काजू बाधतो त्यास पिस्ताही बाधण्याचा संभव फार, कारण दोघांचें वनस्पतिकुळ एकच. गहूं वर्ज्य असणाऱ्यानें हिंगाची डबीही वाचून पाहावी. बाजारांतील तयार हिंगांत पुष्कळदां मैदा मिसळलेला असतो. भाजल्या-तळल्यानें दाण्याचा दोष जातो हीही समजूत चुकीची. भाजलेला दाणा उलट अधिक बाधूं शकतो.

विकतच्या फराळाविषयीं दोन शब्द. आपल्याकडील 2020 सालच्या नियमांनुसार बंद पाकिटावर दूध, अंडीं, मासे, भुईमूग, काजू-बदामासारखीं कवचफळें, सोयाबीन, गव्हासारखीं धान्यें इत्यादि वावड्याच्या पदार्थांचा निर्देश करावा लागतो. त्या यादींत तीळ मात्र नाहींत. अमेरिकेनें ते 1 जानेवारी 2023 पासून आपल्या यादींत घेतले. सुट्या मिठाईस तर पाकीटही नसतें. एकाच परातींत, एकाच सुरीनें सर्व वड्या कापल्या जातात. अशी मिठाई वावडें असलेल्या मुलास न देणें हेंच बरें.

मग उपाय काय? तो आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या आहे. सोवळ्याच्या स्वयंपाकास ओंवळा हात लागूं न देणें, उपवासाचीं भांडीं निराळीं ठेवणें, नैवेद्यापूर्वीं पदार्थाची चव न घेणें, ही शिस्त आपल्या आजी-पणजींनीं किती कांटेकोरपणें पाळली! जें सोवळें आपण देवासाठीं पाळतों, तेंच मुलाच्या जिवासाठीं पाळावें. त्याचें अन्न सर्वांआधीं, स्वच्छ भांड्यांत शिजवून झांकून ठेवावें. प्रत्येक पातेल्यास स्वतंत्र चमचा असावा. दाण्याचे वडे तळलेल्या तेलांत त्याच्या पुऱ्या तळूं नयेत. कूट हाताळल्यावर हात साबणानें धुवावेत. नुसतें पाणी पुरत नाहीं. वाढण्याचें काम एकाच जाणत्या बाईकडे असावें, आणि आल्यागेल्यांस आरंभींच स्पष्ट सांगावें. सांगण्याची भीड बाळगूं नये.

इतकें करूनही चूक झाली तर? अंगावर गांधी उठून त्याबरोबर दम लागणें, आवाज बसणें, वारंवार उलट्या होणें किंवा मूल निपचित पडणें, हीं संकटाचीं लक्षणें होत. क्वचित् गांधी न उठतांही हें घडतें. येथें पित्ताची गोळी पुरत नाहीं. ती खाज शमविते, श्वास वाचवीत नाहीं. पहिलें औषध ॲड्रिनॅलिन. डॉक्टरांनीं तें घरीं ठेवावयास देऊन टोंचण्याची रीत शिकविली असेल, तर वाट न पाहतां मांडीच्या बाहेरील बाजूस द्यावें आणि 108 क्रमांकास दूरध्वनि करावा. मुलास निजवून पाय उंच ठेवावेत; दम लागत असल्यास बसूं द्यावें, परंतु उभें करूं नये, चालवूं नये. बरें वाटलें तरी रुग्णालयांत न्यावेंच, कारण कांहीं तासांनीं लक्षणें पुन्हां उलटूं शकतात. मनीषनगरच्या रेल्वे-फाटकावर पूर्वीं ताटकळलेल्या जुन्या रहिवाशांस मिनिटांचें मोल निराळें सांगावयास नको.

या भीतीनें सर्वच तान्ह्यांचे दाणे तोडावेत असें मात्र नव्हे. लंडन येथें 640 अर्भकांवर केलेल्या व 2015 सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, पहिल्या वर्षांतच दाण्याचा पदार्थ मिळालेल्या मुलांत हें वावडें सुमारें चार-पंचमांशानें कमी आढळलें. अख्खा दाणा मात्र लहान्यास कधींही देऊं नये, तो घशांत अडकतो. आणि ज्या बाळास तीव्र इसब किंवा दुसरें वावडें असेल, त्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच आरंभ करावा.

यंदा महालक्ष्म्यांच्या आधीं आमच्या सासूबाईंनींच कूटाचा डबा उचलून शेजारीं ठेवावयास दिला. कोशिंबिरींत ओलें खोबरें पडलें, चटणी जवसाची झाली. कोणी तरी म्हणालें, "एका मुलासाठीं सगळ्या पंगतीची चव कशाला घालवायची?" त्या एवढेंच म्हणाल्या, "घरांतल्या एकालाही घेतां येणार नाहीं, तो प्रसाद कसला?" आणि मुलगा निराळ्या पाटावर नव्हे, तर आपल्या भावंडांच्या पंगतींतच बसून पोटभर जेवला. आमच्या महालक्ष्म्यांचा महानैवेद्य यंदा खऱ्या अर्थानें पुरा झाला.