तोंडं चार, बातमी एकच

निपाणी परिसरातल्या घरांत अजून हा वाद रंगतो. आजी म्हणते, तंबाखू भाजून केलेल्या मिश्रीनं दात घट्ट राहतात, पोटही साफ होतं. दातांचे डॉक्टर म्हणतात, आजी, हे आजच बंद करा. तेवढ्यात मोबाईलवर मिश्रीचे गुण सांगणारा संदेश मराठीत येतो, संध्याकाळी तोच कन्नडमध्ये. घरात हिशेब होतो: तीन विरुद्ध एक.

हा हिशेबच चुकतो. तंबाखूच्या हंगामात चार व्यापाऱ्यांनी एकच भाव सांगितला, तरी इथला शेतकरी लगेच मान डोलावत नाही. चौघांनी सकाळी एकाच पेढीला फोन लावला असणार, हे तो ओळखतो. (तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली ज्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, त्यांना हे शिकवायला नको!) आरोग्याच्या बातमीला मात्र आपण ही कसोटी लावत नाही. कन्नडमध्ये आलेला संदेश म्हणजे मराठीतल्याचीच नक्कल.

आजीचा अनुभव तरी तिचा स्वतःचा आहे ना? खरी गंमत तिथंच आहे. तव्यावर काळी पडेस्तोवर भाजून कुटलेल्या तंबाखूतही निकोटीन उरतं आणि हिरड्यांवर घासलं की रक्तात उतरतं. सकाळी मिश्री चुकली की डोकं जड, जीव कासावीस. लावली की बरं वाटतं. म्हणजे सवयीनंच लावलेलं दुखणं सवयच मिटवते, वर श्रेयही घेते. निकोटीननं आतड्यांची हालचाल वाढते, तेव्हा पोटाबद्दल आजी अगदीच चुकीचं सांगत नाही. दातांचं मात्र उलटं: तंबाखू दाबून ठेवली, घासली की हिरड्या मागे सरतात.

आता एकट्या पडलेल्या डॉक्टरांच्या पाठीशी कोण आहे, ते पाहा. तंबाखू आणि कर्करोग म्हटलं की ब्रिटनच्या डॉल आणि हिल यांचं १९५० सालचं काम सांगतात. त्याआधी सहा वर्षं मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. हे नाव आपल्या किती मुलांना ठाऊक असेल? पण रुग्णालयात येतात ते आजारीच. म्हणून १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांनी अशा रुग्णांच्या सवयी हा आजार नसलेल्यांशी ताडून पाहिल्या. मग टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता (हो, होमी भाभांच्या त्या संस्थेत दातांवरही संशोधन चालायचं!) थेट खेड्यांत गेले. महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची त्यांच्या पथकानं केलेली पाहणी १९७२ साली छापून आली. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये ३६,००० तंबाखू सेवन करणाऱ्यांवरचा अभ्यास आला: सवय सोडायला समजावलेल्या गटात तोंडात कर्करोगाची पूर्वसूचना असू शकणारे पांढरे चट्टे उठण्याचं प्रमाण कमी होतं.

यातला प्रत्येक अभ्यास आधीच्याला खोटं पाडू शकला असता. पद्धत बदलली, माणसं बदलली, तरी उत्तर तेच आलं: तंबाखूच घातक. वजन आहे ते याला. केंद्र सरकारनं १९९२ साली दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. घरच्या तव्याला ती कशी लागू होणार?

म्हणून किती जणांनी सांगितलं हे मोजत बसू नका. तुम्हाला हे कुणी सांगितलं आणि त्यांना कसं कळलं, एवढंच विचारा. मोबाईलवरचे बहुतेक संदेश दुसऱ्या प्रश्नालाच गप्प होतात. डॉक्टरांनाही विचारा, त्यांच्याकडे उत्तर आहे.