व्हायब्राफोन : आघातातून उमटणारा स्वर

पैनगंगेच्या खोऱ्यातील भीमपूर हा आदिलाबाद जिल्ह्याचा, महाराष्ट्राच्या सीमेलगतचा मुलूख. दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील गोंडांच्या दंडारीत गुस्साडी नाचू लागतात, तेव्हा ढोलांचा ठेका दूरवर ऐकू येतो. देवळातील घंटा वाजली, तर ठोका संपल्यावरही तिचा नाद कानांत घुमत राहतो. ढोल काय आणि घंटा काय, दोन्ही आघाताचीच वाद्ये. परंतु एकात कातडे बोलते, दुसऱ्यात धातू. भरताच्या नाट्यशास्त्राने हा भेद ओळखून पहिल्या वर्गास अवनद्ध व दुसऱ्यास घन अशी नावे दिली. विसाव्या शतकात अमेरिकेत जन्मलेला व्हायब्राफोन हा या घनवाद्यांच्याच कुळातला होय.

या वाद्यात अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पट्ट्या पियानोच्या पट्ट्यांप्रमाणे दोन ओळींत मांडलेल्या असतात. प्रचलित वाद्यात त्या ३७ असून त्यांतून तीन सप्तके निघतात. पट्टी जितकी आखूड, तितका स्वर उंच. किंबहुना सारख्या जाडीच्या पट्टीची लांबी निम्मी केली, तर कंपनसंख्या दुप्पट नव्हे, चौपट होते. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांजवळ एकेक स्थान असे असते की जेथे कंप जवळजवळ नसतो. दोरी नेमकी तेथूनच ओवलेली असल्यामुळे नाद दबत नाही. प्रत्येक पट्टीखाली, तळाशी बंद असलेली एक नळी असते. तिची लांबी त्या स्वराच्या ध्वनिलहरीच्या सुमारे एक-चतुर्थांश असते आणि तिच्यातील हवा स्वराला साथ देऊन तो भरदार करते.

आता नावातील कंपाचे रहस्य. नळीच्या तोंडाशी एक चकती असून विजेची मोटार ती फिरवते. चकती आडवी आली की तोंड झाकते, उभी राहिली की उघडते. त्यामुळे नाद लयीने लहानमोठा होतो. येथे स्वराची उंची हलत नसून त्याचा जोर हलतो, हे ध्यानी घ्यावयास हवे. पायाशी असलेली दाबी दाबली की पट्ट्या मोकळ्या होऊन गुंजत राहतात. सोडली की नमद्याची पट्टी त्यांना शांत करते. वादक लोकरीचा धागा गुंडाळलेल्या दोन किंवा चार काठ्यांनी वाजवतो. चार काठ्यांनी स्वरसंगती वाजते, म्हणूनच तालवाद्यांच्या रांगेत उभे राहूनही हे वाद्य गाऊ शकते.

इंडियानापोलिसच्या लीडी कंपनीने १९२०च्या दशकाच्या पूर्वार्धात हे वाद्य प्रथम बाजारात आणले. १९२७ मध्ये शिकागोच्या डीगन कंपनीने अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या व पायदाबी देऊन त्यास आजचे रूप दिले. १९३० मध्ये लुई आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रणात लायोनेल हॅम्प्टनने ते वाजवले आणि जॅझमध्ये त्यास मानाचे स्थान मिळाले. पुढे मिल्ट जॅक्सनने त्याच्यातील संथ, भावगर्भ बाज दाखविला. आल्बान बेर्ग या संगीतकाराने ‘लुलू’ या ऑपेरात त्याची योजना केली.

मराठी श्रोत्याच्या कानी हे वाद्य पडले ते मुंबईच्या चित्रपटसंगीतातून. तेथील वाद्यवृंदांत गोमंतकीय व पारशी वादकांचा मोठा भरणा होता. तालवाद्यवादक कावस लॉर्ड यांचे पुत्र केर्सी (१९३५–२०१६) आणि बुर्जोर हे व्हायब्राफोन वाजवीत. रात्रीचा प्रसंग, स्वप्न किंवा मनातील हुरहूर सूचित करावयाची असली की दोन ओळींच्या मधल्या जागेत त्याचे चार स्वर पुरेसे होत. तथापि तबकडीवर गायकाचे व संगीतकाराचे नाव छापले जाई, वादकाचे क्वचितच. लाखोंनी ज्याचा नाद ऐकला, त्याचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक झाले. पुढे सिंथेसायझर आले आणि असे नाद कळ दाबून निघू लागले. केर्सी लॉर्ड हे स्वतःच त्या नव्या यंत्राच्या आरंभीच्या वादकांपैकी एक होते, हा काळाचा विलक्षण न्याय!

आपल्या रागसंगीतात मात्र या वाद्यास मर्यादा आहेत. जलतरंगाच्या वाडग्यात पाणी कमीजास्त करून स्वर हवा तसा जुळविता येतो. व्हायब्राफोनच्या पट्ट्या कारखान्यातच बारा समान भागांच्या सप्तकात बांधलेल्या असतात; रागाची सूक्ष्म श्रुती तीत सापडत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींडही येथे अशक्यप्राय. जे वाद्य स्वर वाकवू शकत नाही, त्याने रागाचा सांगाडा दाखवावा, प्राण दाखविणे कठीण.

परंतु स्वर विरून जातानाचे जे सौंदर्य सतारीच्या शेवटच्या झंकारात असते, ते व्हायब्राफोनजवळही आहे. जुने चित्रपटगीत पुन्हा कानी आले, तर गायकाने श्वास घेतल्याच्या क्षणी मागे काय वाजते, तिकडे लक्ष द्यावे. देवळातील घंटेसारखा, पण मंद मंद हेलकावणारा नाद तेथे ऐकू आला, तर तो व्हायब्राफोन असण्याचा संभव फार. आणि त्यामागे काठ्या धरलेले दोन हात आहेत, याचे स्मरण ठेवणे ही त्या अनामिक वादकास मिळालेली उशिराची दादच होईल.