निर्जन, ओसाड, बेचिराख : एका इंग्रजी शब्दाच्या निमित्ताने

जनगणनेच्या पुस्तिकांत खेड्यांचे दोन वर्ग आढळतात : ‘इनहॅबिटेड’ आणि ‘अनइनहॅबिटेड’, म्हणजे वस्तीची गावे आणि वस्ती नसलेली गावे. पहिल्या शब्दाने आपले विद्यार्थी हमखास फसतात. इंग्रजीत आरंभीचा ‘इन’ पुष्कळदा नकारार्थी असतो. त्यामुळे ‘इनहॅबिटेड’ म्हणजेच निर्जन, असा त्यांचा समज होतो. येथे मात्र तो ‘आत’ या अर्थी आहे. नकारासाठी त्यापूर्वी आणखी ‘अन’ लावावा लागतो.

‘अनइनहॅबिटेड’ हा शब्द आज तेथे कोणी राहत नाही, एवढेच सांगतो. पूर्वी कोणी राहत होते काय, याविषयी तो मौन पाळतो. माणसे सोडून गेली असतील, तर ‘डिझर्टेड’ म्हणतात. उन्हाळी सुट्टीतील आपल्या वसतिगृहाला यांपैकी काहीच लागू नाही. ते नुसते ‘एम्प्टी’ असते, कारण मुले परत येणार असतात.

आपल्या महसुली भाषेत अशा गावासाठी ‘बेचिराख’ हा शब्द आहे. त्याचे मूळ फारसी ‘बेचिराग’, म्हणजे दिवा नसलेले. पुढे ‘राख’ या शब्दाच्या साम्याने त्याला जळून गेल्याचा अर्थ चिकटला. समोरच्या घारापुरी बेटावर वीज २०१८ साली पोहोचली. तरी ते बेट बेचिराख कधीच नव्हते. शब्दातला दिवा घरातल्या माणसाचा आहे, विजेचा नव्हे.

पालीतील ‘अरञ्ञ’ हा शब्दही येथे आठवतो. विनयपिटकातील एका व्याख्येनुसार गाव व गावाचा परिसर वगळून उरते ते अरण्य. म्हणजे गाव कोठे संपते हे ठरल्यावाचून अरण्य ठरत नाही.

नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. विमानतळासाठी तर उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली इत्यादी दहा वस्त्या मूळ जागेवरून हलविण्यात आल्या. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. त्या गावठाणांना ‘अनइनहॅबिटेड’ म्हटल्यास व्याकरण चुकत नाही. परंतु इतिहास गळतो. ‘डिझर्टेड’ही योग्य नाही, कारण त्यात रहिवाशांनी आपणहून पाठ फिरविल्याची छटा आहे. त्यातल्या त्यात ‘व्हेकेटेड’, म्हणजे रिकामी केलेली, हा शब्द जवळचा. मराठीत मात्र ‘उठविलेले गाव’ असे सरळ म्हणता येते, आणि उठविणारा कोणीतरी होता हेही त्यात येते.

प्रवेश-अर्जातील ‘मूळ गाव’ या रकान्यात एखाद्या पालकाने अजूनही ‘कोंबडभुजे’ लिहिले, तर ते खोडू नये.